केशवच्या वर्कशॉपच्या भिंती

भोर, ११ सप्टेंबर १९३८
केशवचं पुण्याहून पत्र. "दिवाळीत येतो. पुढचं तेव्हा बोलू." म्हणजे कारखान्यातली नोकरी सोडून इथेच स्वतःचं लेथ टाकणार. बापाला एवढं कळतं. गोठा रिकामाच आहे. मातीच्या भिंतींना आतून प्लायवूड मारायचं. आठ दिवसांचं काम.

२० सप्टेंबर
नारायणशेटच्या दुकानातून चहाची खोकी आणून उकलली. पातळ पापुद्रे सरसाने चिकटवून केलेलं लाकूड. काय बुद्धी! ही म्हणाली, आधी केशवला विचारा तरी. बायकांना कल्पनाशक्ती नसते.

२८ सप्टेंबर
खिळे मातीत ठरत नाहीत. ज्ञानू सुतार कुंपणावरून म्हणतो, "मास्तर, आदी लाकडी पट्ट्या ठोका. मातीत खिळा म्हंजी दह्यात खुंटी." अपमान गिळला.

२ ऑक्टोबर
पट्ट्या ठोकल्या. मला हे आधीच सुचलं होतं. अंगठ्यावर हातोडी. विश्रांती.

१५ ऑक्टोबर
चारही भिंती पूर्ण! एकीवर खोक्याची इंग्रजी अक्षरं उलटी आली. चालेल. आत उभं राहून शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या कविता म्हटल्या. आवाज काय घुमतो!

२० ऑक्टोबर, सकाळी
सणाचं सारवण. कामवाल्या धोंडाबाईला बजावलं, वर्कशॉपचा एकही कोपरा सोडायचा नाही.

सायंकाळी
सत्यानाश. बाईने प्लायवूडवरही शेणकाला फासला. जाब विचारला तर म्हणे, "म्या दोनदा इचारलं, फळ्यांवर बी का? तुमी मान डोलावली न्हवं!" मी कविता म्हणत होतो. मान वृत्ताला डोलावली. चूक तिची.

२२ ऑक्टोबर
सरस सुटला. पापुद्रे लोंबताहेत. वाळल्यावर बसतील.

२४ ऑक्टोबर
बसले नाहीत. केशव आला. दारातला लोंबता पापुद्रा बोटाने उचलून पाहिला. मग, "बाबा, हे कशासाठी?" त्याने पुण्यात दोन खोल्या घेतल्यात, जूनमध्येच. कारखान्यात वरची जागा मिळतेय. लेथ वगैरे काही मनात नव्हतं. हिला ठाऊक होतं. धोंडाबाईलाही! ही म्हणे, "तुम्ही इतके रमला होतात, कोण सांगणार?"

२६ ऑक्टोबर
केशव सकाळच्या मोटारीने गेला. जाण्याआधी एका भिंतीचे पापुद्रे सोलून आईजवळ रचून ठेवले. म्हणाला, बंबाला होतील. गुणी मुलगा.
अंघोळीचं पाणी आज लवकर तापलं. अजून तीन भिंती आहेत.