लाल रेषेपर्यंत चढवलेल्या ट्रकच्या हबांबाबत

प्रति,
मा. प्रतापसिंहराव जगदाळेसाहेब,
कार्यकारी अधिकारी,
नदीकाठ पूरसाहाय्य न्यास,
गोत्री, बडोदे.

विषय : न्यासाच्या उंच केलेल्या ट्रकच्या पुढच्या आसाला भारी हब बसवणे व स्टिअरिंग दुरुस्त करणे याबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ : १) अर्जदाराचे आधीचे तीन अर्ज. २) आपले 'डावी वळणे' हे परिपत्रक. ३) कार्यालयाच्या भिंतीवरील लाल रेषा.

महोदय,

अर्जदार विश्राम ठोसर, राहणार बाजवा, हा न्यासाच्या ट्रकचा चालक आहे. त्याआधी त्याने बाजव्याकडच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षे आगीचा बंब चालवला आणि तो एकदाही कुठे घासला नाही. 'ट्रक पूरकाळासाठी सुस्थितीत आहे' या दाखल्यावर दहा जूनपर्यंत सही करावी, अन्यथा सेवा संपली असे समजावे, असे आपण त्याला कळवले आहे. अर्जदार सही करू शकत नाही. याची कारणे सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला आहे, तरी आपल्या पदाचा मान राखून तो ती पुन्हा मांडतो.

१. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात कार्यालयाच्या अंगणात पाणी शिरले, तेव्हा अर्जदार तिथेच भिंतीला धरून उभा होता. शेजारच्या सोसायटीतल्या निवृत्त शिक्षिका वसुंधराबाई इनामदार, वय ब्याऐंशी, त्याच्या पाठुंगळी होत्या. पाणी त्याच्या छातीपर्यंत होते. ट्रक बाहेर रस्त्याच्या उंचवट्यावर उभा होता. बाईंना त्यात बसवून अर्जदाराने त्यांना सुखरूप पोचवले. त्या दिवशी ट्रकची उंची कोणालाही कमी पडली नव्हती. पुढच्या आठवड्यात रंगाऱ्याने भिंतीवर पाण्याची खूण म्हणून लाल रेषा ओढली, ती जमिनीपासून चार फूट एक इंचावर, म्हणजे अर्जदाराच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीशी.

२. त्यानंतर पूर आला नाही, पण रेषा मात्र वर चढत गेली. दिवाळीच्या रंगकामात ती पाच इंच चढली. देणगीदार पाहायला येणार म्हणून भिंत पुन्हा रंगवली, तेव्हा सहा इंच चढली. वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी आपण स्वतः खुर्ची टाकून बसलात आणि रंगाऱ्याला "अजून थोडी, अजून थोडी" म्हणत राहिलात, त्यात सात इंच गेले. आज ती पाच फूट सात इंचांवर आहे. नदी कोरडी असताना अठरा इंच पूर चढवणे हे काम येरागबाळ्याचे नव्हे, हे अर्जदार मान्य करतो.

३. मग आपला हुकूम निघाला की ट्रकचा हौदा लाल रेषेच्या वर राहिला पाहिजे. हौदा मुळात चार फूट दोन इंचांवर होता, म्हणजे खऱ्या पाण्याच्या वर होताच. तरी स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून आणि मोठाले टायर चढवून तो अठरा इंच उचलला. पुढचा आस, त्यावरचे चाके पेलणारे हब, आतल्या बेअरिंगा आणि स्टिअरिंगचे दांडे मात्र जुनेच ठेवले. वाघोडियाचे मिस्त्री जयंतीभाई यांनी ट्रकखाली डोके घालून सांगितले, "विश्रामभाई, ऊंची तो करी दीधी, पण पग तो एना ए ज छे ने!" पाय तेच आणि धड राक्षसाचे, एवढाच त्याचा अर्थ. आता स्टिअरिंग पाव फेरा फिरवले तरी पुढच्या चाकांना पत्ता नसतो, आणि पत्ता लागला की ती डावीकडे पळतात. उजवीकडे वळायचे तर अर्जदाराला सीटवरून अर्धे उठावे लागते.

४. हे पहिल्या अर्जात कळवले, तेव्हा ट्रकने शक्यतो डाव्या वळणांचेच मार्ग घ्यावेत, असे परिपत्रक आपण काढलेत. त्याप्रमाणे मेमध्ये सराव झाला. कार्यालयापासून वसुंधराबाईंचे घर पाऊण किलोमीटरवर आहे, पण तिथे पोचेपर्यंत अर्जदार नऊ किलोमीटर फिरला आणि एक शाळा त्याने दोनदा पाहिली. पुराचे पाणीही परिपत्रक वाचून डावीकडूनच येणार असेल, तर अर्जदाराची काही तक्रार नाही.

५. दुसऱ्या अर्जात भारी हबांची मागणी होती. त्यावर आपण तोंडी म्हणालात, "अहो विश्राम, टायरवर देणगीदाराचं नाव लिहिता येतं, हबवर कुठे लिहिणार? ट्रक बघायला लोक येतात. हब बघायला कोण येणार?" हब बघायला यम येतो, साहेब. एवढ्या मोठ्या टायरांचा सगळा भार त्या जुन्या बेअरिंगांवर आहे, आणि गेल्या सरावात उजवे चाक हाताने हलवले तरी लटपटत होते. तिसऱ्या अर्जाचे उत्तर म्हणून ट्रकला शिडी मिळाली, कारण हौद्यात आता कोणालाच चढता येत नाही. शिडीचे उद्घाटनही थाटात झाले.

६. वसुंधराबाई परवा अर्जदाराला म्हणाल्या, "अरे विश्राम, गाडी तू चालवणार असशील तर मी बिनधास्त बसते, चाल ने." त्या रात्री अर्जदाराला जेवण गेले नाही. बाईंचा विश्वास ट्रकच्या उंचीवर नाही, अर्जदारावर आहे. भर पाण्यात, मागे वीस माणसे बसलेली असताना चाक निखळले, तर साहेब चौकशी समितीत असतील आणि अर्जदार पाण्यात. त्याला भीती वाटते, आणि ती वाटते हे लिहायला त्याला लाज नाही.

७. आता दाखल्याचे. अर्जदाराची उंची पाच फूट चार इंच आहे. लाल रेषा खरी धरली, तर त्या दिवशी त्याच्या डोक्यावरून तीन इंच पाणी होते, म्हणजे तो तिथेच बुडून मेला. मेलेल्या माणसाची सही न्यासाच्या काय कामाची? आणि तो जिवंत असेल, तर रेषा खोटी आहे. मग ट्रक पूर्ववत खाली उतरवावा. रेषेचा मान राखून तो उंचच ठेवायचा असेल, तर पुढच्या आसाला भारी हब आणि बेअरिंगा घालाव्या व स्टिअरिंग नीट करावे. दोन्हींपैकी एक झाल्यावर अर्जदार स्वतः ट्रक चालवून पाहील आणि त्याच दिवशी सही करील. तोवर ट्रक कोणी दुसऱ्याने चालवू नये, याची तजवीज त्याने केली आहे. ती सोबतच्या यादीत आहे.

कळावे,

आपला नम्र, आणि लाल रेषेची हरकत नसल्यास हयात,
विश्राम ठोसर
चालक
दि. ८ जून २०२६

सोबत :
१) पुरानंतर आठवड्याने काढलेला फोटो. अर्जदार भिंतीशी उभा, रेषा छातीशी.
२) कालचा फोटो. माणूस तोच, भिंत तीच, रेषा डोक्यावर.
३) जयंतीभाईंचा तपासणी अहवाल, गुजरातीत.
४) कोरा दाखला, सहीविना परत.
५) ट्रकच्या पुढच्या आसाचे झिजलेले हब, दोन नग, बेअरिंगांसह. हे आवक टेबलावर ठेवले आहेत. ट्रक आवारात विटांवर उभा आहे. हब बघायला कोणीतरी यावे, एवढीच विनंती.