आबकारीने धरलेले परीक्षेचे बोचके

सालेकसा,
वैशाख वद्य पंचमी, सन १९३६

तीर्थरूप शिवलालदादांच्या चरणी धाकट्या लखनचा दंडवत. तुमच्या आशीर्वादाने इकडे आम्ही सारे धडधाकट आहोत, उन्हाने तेवढे करपलो आहोत. तुमच्या गुडघ्याचे काय झाले? तेल चोळता की नुसती बाटली उशाशी ठेवता? वहिनींचा खोकला थांबला का? आणि नवी म्हैस दूध देते, की अजून लाथाच देते? सविस्तर कळवा.

तुमचे कार्ड परवा पोहोचले. उघडे कार्ड, दादा! पाकीट घ्यायला काय झाले होते? पोस्टमास्तरांनी ते वाचले, मग पोस्टमनने वाचले, आणि माझ्या हाती पडेस्तोवर अर्ध्या सालेकशाला ठाऊक झाले की मास्तरच्या मोठ्या भावाने त्याला ‘कुळाला काळोखी फासणारा’ म्हटले आहे. मुन्नालाल कापडवाला तुमच्या आठवडी बाजारात कापड कमी आणि माझी कथा जास्त विकून राहिला आहे, हे त्यावरून समजले. लखन मास्तर गोंदियाच्या फलाटावर मोहाच्या दारूसकट धरला गेला, आबकारीच्या जमादाराने त्याला भर बाजारातून वाजतगाजत नेला, असे तो सांगतो म्हणे. यातला फलाट खरा, जमादार खरा, भर बाजारही खरा. दारूचे तेवढे खोटे आहे. (वाजतगाजतही खोटे. वाटेत बँडवाल्यांचे दुकान होते, ते लोक नुसते बाहेर येऊन उभे राहिले.)

आता पहिल्यापासून ऐका. तुम्हांला माहीतच आहे की यंदा सातवीच्या परीक्षेचे केंद्र पहिल्यांदाच सालेकशाला मिळाले. आजवर आमच्या पोरांना गोंदियाला जाऊन कुणाच्या तरी ओसरीवर पडावे लागे, आणि पोरींना तर कुणी पाठवतच नसे. केंद्रासाठी मी शाळाखात्याच्या डेप्युटीसाहेबांना इतके अर्ज केले की शेवटी कंटाळून त्यांनी ते दिले. आणि केंद्राचा अधीक्षक कोण? तुमचा भाऊ! (अधीक्षक म्हणजे काय, असे आमच्या सौ. कुंताने विचारले. मी बराच वेळ समजावून सांगितले. ती म्हणाली, म्हणजे घंटाही तुम्हीच वाजवणार का जी? घंटेला चपराशी आहे, असे मी म्हटले. वाजवली मात्र मीच.) परीक्षेला बसणाऱ्यांत तुमची लेक, आपली राजकुमारी. पोरीला माझ्याकडे शिकायला ठेवताना तुम्ही जे बोललात ते मी विसरलो नव्हतो: पहिल्याच फेरीत सातवी पास झाली तर नागपूरला नॉर्मल शाळेत जाऊन खुशाल मास्तरीण होऊ दे, नाही तर याच जेठ महिन्यात आमगावच्या सोयऱ्यांकडे लग्न लावून मोकळे होऊ. सोयरे तर मांडवाच्या बल्ल्या-बांबू जमवूनच बसलेले. पोरीला दुसरी फेरी नाही, हे मला ठाऊक होते.

आता परीक्षा कधी ठेवावी? तर ऐन मोहफुलांच्या दिवसांत! नागपूरला बसून वेळापत्रक करणाऱ्या गृहस्थाने मोहाचे झाड पाहिलेले नसावे. फुले पडतात पहाटे, वेचायची उन्हे चढायच्या आत, आणि पेपर सकाळी सातला. पहिल्या दिवशी मी प्रश्नपत्रिकांचे पाकीट हाती धरून उभा, आणि समोर राजकुमारी व स्टेशनमास्तरांचा मुलगा अशी दोनच डोकी. बाकीची सारी सातवी रानात झाडांखाली वाकलेली. शेवटी आमच्या शाळेचा चपराशी सुकराम याला घंटा देऊन रानात पिटाळले. तो घणघण करत हिंडला तेव्हा कुठे पोरे टोपल्या डोक्यावर घेऊन धावत आली. आता टोपल्या कुठे ठेवणार? घरी ठेवून या म्हणावे, तर गेलेला पोरगा परत येतो कशाला! व्हरांड्यात ठेवा म्हटले. मग व्हरांड्यात गाई यायला लागल्या, तेव्हा एक पर्यवेक्षक खास गाईंवर नेमावा लागला. (नियमांच्या पुस्तकात याला कलम नाही. अहवालात मी ‘बाह्य हस्तक्षेपास प्रतिबंध केला’ असे लिहिले.) परीक्षा संपेस्तोवर शाळेला, पोरांना, कागदांना आणि मला मोहाचा वास लागला होता. पण दादा, त्या दिवसांत सालेकशात कुणाला मोहाचा वास येत नाही, कारण सगळ्यांनाच येतो. माझी फसगत झाली ती इथेच.

कारण उत्तरपत्रिका बांधायची रीत अशी. शेवटचा पेपर झाला की सगळ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा स्वच्छ कापडात गुंडाळायचा, कापड चारी बाजूंनी शिवायचे, शिवणीच्या प्रत्येक गाठीवर लाख ओतून शाळेचा शिक्का मारायचा, आणि अधीक्षकाने ते बोचके जातीने गोंदियाला नेऊन डाकबंगल्यात डेप्युटीसाहेबांच्या हवाली करायचे. वाटेत एक जरी लाख फुटली तर साऱ्या केंद्राची परीक्षा रद्द. सरकारने यासाठी मांजरपाट पाठवला होता, तो मी कपाटात जपून ठेवला होता, आणि मी जपून ठेवला म्हणूनच वाळवीने तो निवांत खाल्ला. ऐन वेळी कापड कुठून आणू? कुंताने आपले एक फडके काढून दिले, चांगले जाड, धुतलेले. त्यात ती आदल्या दिवसापर्यंत मोहफुले बांधून ठेवत होती, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. विचारले असते तरी काय, मी तेच वापरले असते. सालेकशातले कोणते फडके त्या दिवसांत मोहफुलांवाचून राहिले होते?

तर अशा रीतीने मी बोचके मांडीवर घेऊन पॅसेंजरमध्ये बसलो. अंगात काळा कोट, डोक्याला फेटा, आणि वर चैत्राचे ऊन. डबा तापला तसे बोचके बोलू लागले. मला काहीच कळेना. शेजारचे एक शेठ उठून दाराशी जाऊन उभे राहिले, मला वाटले, सरकारी माणसाला जागा करून दिली. समोरचा म्हातारा माझ्याकडे पाहून सारखा हसे, मीही हसलो. आमगाव आले तेव्हा तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “मास्टरजी, गोंदिया में चेकिंग है, यहीं उतर जाव.” मी छाती काढून सांगितले की, मला चेकिंगची भीती नाही, हा माल मी गोंदियाच्या मोठ्या साहेबालाच नेऊन देणार आहे. तेव्हा त्याने मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. एवढा आदर मला शाळेतसुद्धा कुणी दाखवलेला नाही.

गोंदियाला उतरलो आणि चार पावले चाललो नाही तोच आबकारीचा जमादार छोटेलाल आडवा आला. चांगला उंच गडी, मिशा वळवलेल्या. त्याने हवा हुंगली, मला हुंगले, मग बोचके हुंगले, आणि त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू! म्हणाला, “गठरी खोलो.” मी म्हटले, यात परीक्षेच्या उत्तरपत्रिका आहेत. तो म्हणाला, उत्तरपत्रिकेला असा वास कायचा येतो? दादा, तेव्हा मी पहिल्यांदा खाली वाकून हुंगले. दारूच्या गुत्त्यात वास येतो तसा वास, आणि तोही सरकारी शिक्क्यासकट! मी लाखेकडे बोट दाखवले, तर तो म्हणाला की लाख लावणारे त्याने पुष्कळ पाहिले आहेत. आणि त्याने चाकू काढला.

आता मी काय करावे? तो चाकू शिवणीला लागला की सालेकशाची सातवी संपली, केंद्र गेले, आणि आपल्या पोरीच्या हळदीचा दिवस ठरला, एवढेच माझ्या डोक्यात आले. मी बोचके खाली ठेवले आणि त्याच्यावर बसलो. हो, गोंदियाच्या फलाटावर, कोटफेट्यासकट. जमादार उठ म्हणे, मी उठेना. शिपाई ओढू लागला, मी बोचक्याला मिठी मारली. गर्दी जमली. कुणी म्हणे चोर आहे, कुणी म्हणे पिऊन बसला आहे, कुणी म्हणे बायकोशी भांडून आला असेल. मी हिंदीत सांगू लागलो की मैं अधीक्षक हूँ, तर घाबरल्यामुळे माझे हिंदी असे झाले की पिऊन बसला म्हणणाऱ्यांची खात्रीच पटली. शेवटी मी ओरडून म्हटले, मला धरा, बेड्या घाला, पण हे बोचके डेप्युटीसाहेबांच्या समोर फोडा. दारू निघाली तर फासावर द्या! जमादाराने विचार केला. दारूसोबत डेप्युटीही हाती लागतो की काय, अशी आशा त्याच्या मनात आली असावी. तो कबूल झाला.

मग निघाली आमची वरात. बोचके माझ्या डोक्यावर, बोचक्याची दोरी जमादाराच्या हातात, मागे शिपाई, आणि त्याच्या मागे ज्यांना त्या दिवशी काही काम नव्हते ते सारे गोंदिया. याच वरातीत मुन्नालाल होता. मी त्याला पाहिले, त्याने मला पाहिले, आणि हा हलकट ओळख न दाखवता जवळच्या माणसाला म्हणाला की, हा आमच्याकडचाच आहे. जीव द्यावासा वाटला, दादा. पण डोक्यावर बोचके होते.

डेप्युटीसाहेब अगदी सोवळे गृहस्थ, कांदासुद्धा न खाणारे. आम्ही डाकबंगल्यात शिरलो तशी त्यांनी उपरण्याने नाक दाबले आणि शेवटपर्यंत सोडले नाही. तशाच अवस्थेत त्यांनी एकेक लाख बोटाने चाचपून पाहिली. सगळ्या शाबूत! मग स्वतः शिवण उसवली. आत उत्तरपत्रिकाच. जमादाराने त्या वरखाली केल्या, दोनचार हुंगल्याही, आणि त्याचे तोंड उतरले. मला वाटले सुटलो, तर साहेब माझ्याकडे वळले. कापड सरकारी नाही, दुर्गंधीयुक्त आहे, आणि बोचके फलाटावर परक्या लोकांच्या हाती पडले, मग कुणी हात घातला नाही हे कशावरून? केंद्र रद्द का करू नये? तेव्हा, देव त्याचे भले करो, तो छोटेलाल जमादारच पुढे झाला. “हुजूर, हाथ लगाने ही कहाँ दिया! ऊपर बैठ गए सो उठे ही नहीं.” साहेबांनी त्याच्याकडून तसा लेखी जबाब घेतला, खाली सही घेतली, आणि मला म्हणाले की बाकीच्या केंद्रांच्या गठ्ठ्यांबद्दल फक्त मास्तरांचा शब्द आहे, तुमच्या गठ्ठ्याला आबकारी खात्याची साक्ष आहे. गठ्ठा मंजूर. दादा, माझा जीव भांड्यात पडला! मी तिथेच पायरीवर बसलो आणि तांब्याभर पाणी प्यालो. छोटेलालने आपल्या पदरची विडी दिली, तीही ओढली, जरी मी ओढत नाही.

घरी येऊन सगळी हकीकत कुंताला सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाली, “ते सारं खरं, पण माहा फडका कोठं ठेवून आले जी?” ते डेप्युटीसाहेबांनी जाळायला सांगितले होते.

तर हे असे आहे. मी दारू प्यालो नाही, विकली नाही, वाहिली नाही. एक भाऊ म्हणून एवढा विश्वास ठेवा, आणि तुम्ही ज्यांना ज्यांना ते कार्ड लिहिण्याआधी बोलून दाखवले असेल त्यांना हे पत्र वाचून दाखवा. विशेषतः आमगावच्या सोयऱ्यांना दाखवा, म्हणजे आपल्या घराण्याबद्दल त्यांचे मन साफ राहील. वहिनींना माझा आणि कुंताचा नमस्कार.

तुमचा नाहक बदनाम झालेला धाकटा भाऊ,
लखनलाल

ता. क. — निकाल काल आला. राजकुमारी पास! पहिल्याच फेरीत, आणि गणितात तर केंद्रात पहिली. हे अगदी वर लिहिणार होतो, पण मग तुम्ही खालचे वाचलेच नसते. ऐकल्यावर पोरगी विहिरीवर गेली, आणि भरलेल्या घागरी ओतून पुन्हा भरून आणल्या. कुंता रडली. मीही रडलो, दादा, लपवत नाही. नॉर्मल शाळा पावसाळ्याच्या तोंडी उघडते. तुम्ही येऊन फॉर्मवर सही करा आणि दिलेला शब्द पाळा.

आणखी एक — पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आमगावहून सोयऱ्यांचा माणूस आला. त्यांच्या कानांवरही ती कथा गेली आहे. ज्या घरचा मास्तर दारूचे बोचके डोक्यावर घेऊन बाजारातून मिरवतो, त्या घरची पोरगी आम्हांला नको, असा निरोप आहे. दादा, वर मी जे लिहिले ते सगळे मागे घेतो. हे पत्र कुणालाही दाखवू नका. आमगावला तर मुळीच नको! ते वाचतील, पोट धरून हसतील, तुमचे पाय धरतील आणि याच जेठात मांडव घालतील, आणि तुम्हांला सोयऱ्याच्या तोंडावर नाही म्हणणे जन्मात जमलेले नाही. डेप्युटीसाहेबांना खरे काय ते माहीत आहे, नोकरीला धक्का नाही. म्हणून हात जोडून सांगतो, वाचून झाले की हे चुलीत घाला, आणि पोरगी मास्तरीण होऊन येईस्तोवर मला दारूवाला मास्तरच राहू द्या. मला त्याचे काही वाटत नाही. (थोडे वाटते.) कुणी विचारलेच, तर मान खाली घालून एक मोठा उसासा सोडा. तो तुम्हांला चांगला येतो.