माहेरचा व्हिसा

१२ जून २०२५, निपाणी

दीपंकर आणि सूनबाई बेळगावच्या वकिलाकडून तोंडं पाडून आले. मला वाटायचं, लग्न झालं की बाई इथलीच झाली. तसं नसतं म्हणे! निलंती पडली श्रीलंकेची. नागरिकत्वासाठी सात वर्षं इथं राहायला हवं, ती होत आली. पण त्यातलं शेवटचं वर्षभर देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. ते वर्ष दिवाळीला पुरं होतंय. आणि पोरीचे दिवस भरतात दसऱ्याला!

गॉलला माहेरी गेली की वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. महिनाभराची सूट मिळू शकते, पण बाळंतपण काय महिन्यात आटोपतं?

शेजारच्या मनुबाई भिंतीवरून म्हणाल्या, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. जसं काही मला ठाऊकच नाही.

१५ जून

निलंतीला नारळाच्या दुधातल्या भाताचे डोहाळे. तिच्या आईला फोनवर विचारून केला. खाली लागला. "लई झ्याक झालाय आई," म्हणाली आणि दोनदा घेतला. निपाणीत राहून खोटं बोलायला मात्र छान शिकली!

१९ जून

निलंती माहेरी जायचंच नाही म्हणते. दरवर्षी व्हिसा वाढवा, दरवर्षी पोलीस चौकशी — वैतागलीय. "माझं पोर इथलं, आन् मीच पाव्हणी व्हय?"

दुपारी आईशी फोनवर बोलत होती. मला त्यांची भाषा येत नाही. शेवटी दोघी नुसत्याच गप्प बसल्या होत्या, फोन तसाच चालू ठेवून.

२० जून

सरळ विचारलं — खरं सांग, जावंसं वाटतंय ना?

हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाली, "न्यायला कोन येनार आई?"

खरंच आहे. वडील नाहीत, भाऊ नाही, आईचे गुडघे गेलेले. दीपंकरला कारखान्यात नवी नोकरी, रजा नाही. आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, एकटीनं प्रवास नको. माझ्या वेळी संकेश्वरहून माझा भाऊ आलता न्यायला, मुराळी म्हणून. एसटीत खिडकीची जागा मिळावी म्हणून भांडला होता. माहेरवाशिणीला मुराळ्याशिवाय धाडायची नाही, ही आमच्याकडची रीत. हिला मुराळी कुठला आणू?

आणि एक कळलं. इथलं नागरिकत्व मिळालं की तिकडचा पासपोर्ट सोडावा लागतो. म्हणजे पुढं माहेरी जायला व्हिसा! असली माहेरवाशीण कुणी बघितलीय का? मला रडूच आलं.

२४ जून

बेळगावला जाऊन आले, एकटी. घरात सांगितलं पेन्शनचं काम. काम दुसरंच! पण इथं लिहीत नाही. सूनबाईंना आता मराठी वाचता येतं. मीच शिकवलंय, अवदसा आठवली मला.

३० जून

दीपंकर सारखा एकच धोशा लावून बसलाय — "एवढी दिवाळी जाऊ दे, आई." बिचाऱ्याला वाटतं, बायकोची ती व्हिसाची कटकट एकदाची मिटावी. वाईट नाही पोरगा. पण आज सुनावलंच. म्हटलं, "वर्ष पुन्हा मोजता येतं रं. पैलं बाळंतपण पुन्हा येत न्हाई."

मग बाळाचं काय, म्हणाला. ते मी आधीच वकिलाला विचारलं होतं. बाप भारतीय आहे, बाळही भारतीयच; वर्षाच्या आत तिथल्या आपल्या वकिलातीत नोंद करायची. पोरगा उठला. पाणी प्याला. मग म्हणाला, "बरं, पण तिला नेणार कोण?"

मी भाजी चिरत राहिले.

११ जुलै

दारात पोलीस. निलंती सवयीनं फाईल घेऊन, पोट सावरत बाहेर आली. मनुबाई भिंतीवर हजर!

तो म्हणाला, "तुमचं न्हाई, ताई. सासूबाईंच्या पासपोर्टची चौकशी हाय."

फाईल छातीशी धरून ती माझ्याकडं बघतच राहिली. मग सांगावंच लागलं — तुझा मुराळी मीच.