बर्फावर चढलेली निळी सावली

जपानी शोवा सन ७ (इ.स. १९३२), ४ फेब्रुवारी

देवळाच्या पायऱ्यांवरच्या बर्फाचं चित्र लाकडी ठोकळ्यांवरून छापायला घेतलंय. बर्फ म्हणजे नुसता कोरा कागद, शाई भोवतीने. रंग केसभर सरकला की मेहनत पाण्यात! कागद ओलसर ठेवणं माझ्याकडे. थंडीने ह्यांची बोटं वळेनात, म्हणून निखाऱ्यांची शेगडी मीच ह्यांच्याजवळ, कागदांच्या गठ्ठ्याशी सरकवली. "कधी नव्हे ती अक्कल चालली," म्हणाले. तेवढ्यावर मी खूश — काय बाई मी!

६ फेब्रुवारी

पायऱ्यांची निळी सावली बर्फावर चढली. गठ्ठाच्या गठ्ठा वाया. ठोकळे कोरतो माझा धाकटा भाऊ कानसुके. कागद ज्या खाचांत बसवायचा, त्याही त्याच्याच हातच्या. हे गरजले, "खाच चुकवलीस, हरामखोरा!"

"भावजी, मापून तर बघा."

मापायला कोण बसतंय! त्याचा उजवा हात ठोकळ्यावर दाबला आणि त्याच्याच हातोडीने ठेचला. ठेचतच राहिले. मी मध्ये पडले, तर मला भिंतीवर भिरकावलं. कोऱ्या कागदांवर रक्त उडालं. त्यावर म्हणतात कसे — "आधी कागद उचल."

७ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, हाडं जुळतील. कोरणी धरणं विसरा.

९ फेब्रुवारी

हे प्रकाशकाकडे गेले होते. शेगडी लांब ठेवून मीच त्या खाचांत ओला कागद बसवला, छापला. रेघेला रेघ! मग दुसऱ्या कागदावर नुसत्या रेघा छापल्या, तो शेगडीशी ठेवला आणि नंतर निळा चढवला. कागद सुकून आक्रसला होता. सावली थेट बर्फावर.

म्हणजे शेगडी. म्हणजे मी.

कानसुकेला सांगितलं. वाटलं, थुंकेल तोंडावर. तो म्हणाला, "मग खाच बरोबर होती ना, ताई?" हो म्हटलं. हसला, मग पट्ट्या बांधलेल्या हातात तोंड खुपसून रडला. ह्यांच्या नरड्यात कोरणी खुपसावी असं वाटतंय.

१२ फेब्रुवारी

ह्यांनी जुन्या खाचा बुजवून स्वतः नव्या कोरल्या. प्रकाशकाला आणि चित्रकाराला सांगून आलेत, "आता केसभर सरकलं तर माझा हात तोडून देईन." उद्या दोघंही समोर बसून छपाई बघणार आहेत.

१३ फेब्रुवारी

पाहुणे आले. चहा दिला. नवरा छापायला बसला. "फार गारठा आहे," म्हटलं आणि शेगडी त्याच्या गुडघ्याशी, गठ्ठ्याला लावून ठेवली. निखारे भरपूर घातले.