लसूण करपतोय

५ फेब्रुवारी
तापाबरोबर वास गेला तो गेलाच. ताप कधीच उतरला. डॉ. म्हणतात, येईल. कधी? तर खांदे उडवतात. काल दूध उतू जाऊन ज्योत विझली, गॅस सुरूच, आणि मी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचतेय. नेमका अभय आला. आधी खिडक्या उघडल्या, मग ओरडला. लेक आहे, ओरडू दे. पण आता त्याचं पक्कं झालंय: कोथरूडचं घर बंद, आईने हिंजवडीला आमच्याकडे राहायचं. चौदाव्या मजल्यावर!

७ फेब्रु., शनि.
सूनबाईंचा, म्हणजे ऋचाचा वाढदिवस. तिनेच जपानी हॉटेल निवडलं. टेबल म्हणजे मोठा तवाच. भोवती आपण बसायचं, समोर आचारी रांधणार. हा लोणी काळभोरचा जपानी. उलथन्यावर अंडं उडवतो, झेलतो, टाळ्या मागतो. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी अन्नाशी खेळतो म्हणून बाकावर उभा केला असता.
मला सगळं एकच. गरम, मऊ, खारट.
"आई, एन्जॉय करा ना!" ऋचा.
करते हो. पुठ्ठा एन्जॉय करते.
मग त्याने जाळ भडकवला. सगळे फोटो काढण्यात दंग. मी म्हटलं, "अहो, लसूण करपतोय."
"करपला न्हाई आजी, कुरकुरीत हाय."
"मला शिकवू नका. कडवट वास येतोय."
वास येतोय. मला!
अभयने मोबाइल खाली ठेवला. "आई, काय म्हणालीस?"
आचारी घाबरून लसूण खरवडायला लागला. "टाकू नका! राहू दे तिथे!" माझा आवाज पार दारापर्यंत गेला असणार. तव्यावर वाकले. करपट, कडू, घाण. ऋचा पाठीवर हात फिरवत होती. डोळ्यांत पाणी आलं ते धुरामुळे, असं मी तिला सांगितलं.

८ फेब्रु.
हिंग, थोडासा. चहा नाही. साबण नाही. कालच्या साडीला लागलेला ऋचाचा सेंट येतो, दुर्दैवाने. कित्येक दिवसांनी शांत झोप.

१० फेब्रु.
अभयचा फोन. "हिंगाचं ठीक आहे गं, पण गॅसचं काय?"
प्रश्न बरोबर, म्हणून जास्त राग आला. खिडकी उघडून बटण क्षणभर फिरवलं, बंद केलं. आला. पुसट. की यायला हवा होता म्हणून आला?
रविवारी तो येईल. बटण त्यालाच फिरवू दे, मी पाठमोरी उभी राहीन. त्याने विचारायच्या आत मला म्हणता आलं पाहिजे, "वास आला."