बाबांच्या खालची चौकट

३ फेब्रुवारी
आले एकदाची! नवं गाव, चष्म्याच्या दुकानात नवी नोकरी, आणि दोन खोल्यांचं, भरपूर उजेडाचं घर. दिवसभर काचा घासून बोटं पांढरी होतात, पण मालक माणूस बरा आहे. एकटीला करमावं म्हणून मावशीने उद्योगाला लावलंय: ऑनलाइन वंशावळ. आई, मावशी, काका, आत्या, सगळे घरबसल्या चौकटी भरतात. पणजोबांच्या नाकावरून काका आणि आत्याची आजच जुंपली.

८ फेब्रुवारी
वंशावळीत एक अनोळखी माणूस आलाय. आईला वाटतं काकांकडचा, काकांना वाटतं मावशीकडचा. बोलायला गोड, त्यामुळे सगळ्यांनी हौसेने सामावून घेतलं. त्याने जुने फोटो टाकलेत. आमच्याच घरातले.

१३ फेब्रुवारी
मी सायकल शिकतानाचा फोटो. बाबांनी सीट धरलेली असायची त्यात. आता कॅरियरवर एक मुलगा बसलाय आणि बाबांचा हात त्याच्या खांद्यावर आहे. आईला फोन केला. हसून म्हणाली, अगं, दादा नाही का तुझा!
मी एकुलती एक आहे.

१७ फेब्रुवारी
त्याची चौकट मी काढून टाकली. मावशीने परत घातली. काकांनी झापलं, सख्ख्या भावाशी असं वागतात का? आत्या तर रडलीच. कुणीही मस्करी करत नाहीये. आज बाबा हयात असते तर —

१९ फेब्रुवारी
कामावरून आले तर तो स्वयंपाकघरात. पत्ता आईने दिला, किल्ली घरमालकाने. गळका नळ दुरुस्त करत होता. म्हणाला, "दमलीस ना? बस जरा."
पोलिसांना बोलावलं. ते आईशी फोनवर बोलले आणि मलाच समजावून गेले — भावंडांत व्हायचंच.

२१ फेब्रुवारी
माझी चौकट गेली. बाबांच्या खाली फक्त तो. पुन्हा भरली — मावशीने पुसली. विचारते, आपण कोण? दुकानात माझ्या स्टुलावर दुसरीच कुणी — मालक मला अहो-जाहो करतात, नंबर तपासायचाय का म्हणाले —

२२ फेब्रुवारी
आई आली. मी धावले. तिने त्याला जवळ घेतलं, मग हळूच विचारलं, ही कोण रे? घर चुकलीये बिचारी, तो म्हणाला, मी सोडून येतो.
बाथरूमची कडी लावून लिहितेय. बाहेर आई — किती मायेने — उघड बाळा, तो नीट पोचवेल तुला —
कडी हलतेय. आई, मी तुझी