वेणी पप्पांनीच घालायची

अहो,

आज बुधवार, लसीकरण आहे, म्हणून साडेसातच्या एसटीनं सापगावच्या दवाखान्यात ड्युटीवर गेले. तुमी कसाऱ्याहून रात्रपाळी करून याल तोवर पोरं शेजारच्या काकींकडे आहेत. भाकऱ्या टोपलीत आहेत. भूषणचं पोट सकाळपासून दुखतंय, पण ते सातच्या पाढ्यामुळे. त्याला शाळेत धाडाच.

रत्नाचे केस तसेच मोकळे आहेत. मी फणी घेऊन बसले तर म्हणते, "तू नको गो आई, पप्पाच घालतील. तुझी वेणी मधल्या सुट्टीत सुटते." तेव्हा नाक्यावर चहाला थांबू नका, शाळा अकराची आहे. लाल रिबिनी आरशामागे ठेवल्यात. गाठ मात्र सामान बांधल्यासारखी आवळू नका. कालची सोडवता सोडवता माझं नख मोडलं.

आणि हो, परवा वेण्या घालताना तुमी दार लावून घेतलं होतं म्हणे. काकी हसत सांगत होत्या. आज दार उघडंच ठेवा. हसणाऱ्यांना हसू देत, पोरगी वर्गात सगळ्यांना सांगत फिरते की माझे पप्पा वेणी घालतात.

"तू नको" ऐकून मला जरा लागलं, खोटं कशाला सांगू. आठ वर्षं तिचं सगळं मीच केलं. पण कामावर परत जायला लागून पंधरा दिवस झाले, त्यात आज पहिल्यांदा मागं वळून न बघता निघाले.

संध्या